उद्यावाले मास्तर

आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा डोक्यातले सगळे शब्द गेले आणि एकच मागे राहिला. तोही कुठला, तर "उद्या". आता बोला! शिंप्याच्या तोंडात नेमका हाच राहावा? तीस वर्षं गिऱ्हाइकांना ह्यांनी दुसरं काही सांगितलंच नव्हतं. शर्ट झाला का? उद्या. पँटची उंची कमी केली का? उद्या. कोटाला अस्तर लावलं का? अहो, उद्या म्हणजे उद्या, शब्द आहे माझा! मी मागच्या स्टुलावर काजं-बटणं करत बसलेली असायची आणि तोंडाला पदर लावून हसायची, कारण कापड अजून कात्रीखालीसुद्धा गेलेलं नसायचं.

तसे हे आधीही फार बोलके नव्हते. अर्धं वाक्य हे बोलायचे, उरलेलं मी. लग्न झाल्यापासून हीच वाटणी. लेक म्हणायची, "आई, बाबांना टिंब तरी त्यांचं त्यांना देऊ दे." पण माझी जीभ म्हणजे एकदा पायडल मारलं की मशीन थांबतच नाही, काय करणार.

झटक्यातून पाय सावरला. उजवा हात जरा मंद राहिला. डॉक्टर म्हणाले, "ह्यांना सगळं कळतं, आधी जसं कळायचं तसंच. फक्त शब्द सापडत नाहीत." मला हे समजलं, पण लोकांना कोण समजावणार? भेटायला येणारा जो तो ह्यांच्या कानाशी जाऊन ओरडायचा. "मास्तर! बरं! आहे! का!" मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, ते बहिरे झालेले नाहीत, आणि तुम्ही असंच ओरडत राहिलात तर मी होईन."

मग एक दिवस पोस्टमन आला. हा आमचं जुनं गिऱ्हाईक, मनानं अगदी चांगला माणूस, त्याचे सगळे गणवेश ह्यांनीच शिवलेले. खुर्चीत बसता बसता सवयीनं थट्टा केली, "काय मास्तर, माझी पँट कधी देताय?" ह्यांना काहीतरी वेगळंच सांगायचं होतं. ओठ हलले, कपाळाला घाम आला आणि शेवटी बाहेर पडलं, "उद्या."

पोस्टमन मांडीवर थाप मारून हसला. "वा! मास्तर ठणठणीत आहेत की! काही म्हणजे काही बदललेलं नाही!" आणि पोस्टमनच तो, बातमी घरोघर पोचवणं हेच त्याचं काम. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत झालं, उद्यावाले मास्तर, उद्यावाले मास्तर. कुणाच्या मनात पाप नव्हतं हो. पण ह्यांना कळलं ना सगळं.

त्या दिवसापासून ह्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. पलंगाच्या कडेला भिंतीकडे तोंड करून बसायचे. दाढी सोडली, जेवण दोन घासांवर आलं. लेक फोन करायची, तर हे फोनकडे पाठ करायचे. आणि एका दुपारी मी कपाट उघडलं तर माझ्या साड्यांच्या कप्प्यात ह्यांचा टेप, खडू आणि मोठी कात्री एका फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेली. म्हणजे काय, की माझं संपलं, हे आता तू कुणाला तरी देऊन टाक. मी ते फडकं छातीशी धरून तिथेच खाली बसले. खरं सांगते, झटका आला त्या दिवशी मी इतकी घाबरले नव्हते. माणूस वाचला होता, पण असाच भिंतीकडे बघत बघत संपणार की काय, ह्या भीतीनं मला धरलं. मला दुसरं काही नको होतं. हे पुन्हा दुकानात कटिंगच्या टेबलाशी उभे दिसायला हवे होते, बस्स.

दवाखान्यातून बोलणं शिकवणारी एक ताई घरी यायची. माझ्या लेकीपेक्षाही लहान, पण चिवट. ती म्हणाली, "दर बुधवारी वाचनालयाच्या माडीवर आमचा कट्टा भरतो. सगळे असेच, शब्द हरवलेले. मास्तरांना एकदा घेऊन या."

हे भिंतीकडूनच हात झटकून म्हणाले, "उद्या, उद्या, उद्या!" ह्याचा अर्थ सांगायला कोशाची गरज नव्हती.

मी ताईला दाराबाहेर नेलं. म्हटलं, "रोगी म्हणून हे यायचे नाहीत. शिंपी म्हणून येतील. तुमच्या त्या खोलीला पडदे आहेत का?"

"आहेत ना. मागच्याच वर्षी लावलेत, छान निळे."

"मग ते बुधवारपर्यंत काढून ठेवा."

ती पोरगी अशी हसली, की मला वाटलं, हिचं आणि माझं जमणार.

बुधवारी मी ह्यांच्या पुढ्यात ते फडकं सोडलं आणि म्हटलं, "वाचनालयाच्या खोलीला पडदे हवेत. खिडक्यांची मापं घ्यायचीत. मला काजं-बटणं येतात, मापं येत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. नाही आलात तर मी वितीनं मोजून घेईन, आणि मग पडदे तोकडे झाले की लोक तुमचं नाव घेतील." हे बराच वेळ टेपकडे बघत बसले. मग उठले आणि चक्क दाढी केली.

माडीवर आठ-दहा माणसं गोल करून बसलेली. भिंतीवर मोठ्या अक्षरात एकच नियम: दुसऱ्याचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही. घरच्यांसाठी मागे वेगळं बाक, आणि तिथे बसणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. मी तो नियम वाचला आणि मनात म्हटलं, मेले मी.

गोलात सगळ्यांत ताठ बसल्या होत्या त्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आता निवृत्त. त्यांच्याकडेही एकच शब्द उरला होता. ह्यांना बघून त्या प्रसन्न हसल्या, हात जोडले आणि मोठ्या मायेनं म्हणाल्या, "गाढवा!"

हे दचकलेच. उत्तर तर द्यायला हवं. म्हणाले, "उद्या."

मग बाई हसायला लागल्या, ते खांदे गदागदा हलेपर्यंत. आणि आमचे हे? त्यांच्याकडे बघता बघता ह्यांच्याही मिशा थरथरायला लागल्या. चार महिन्यांत ह्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होते. पोस्टमनही हसला होताच, पण ह्या बाई स्वतःलाही त्यात धरून हसत होत्या, त्यात फरक आहे.

बाईंच्या शेजारी एक जुना बस कंडक्टर. त्याचे शब्द होते बरेच, पण अदलाबदल झालेले. चहा हवा का विचारलं तर "नाही, नाही" म्हणत कप ओढून घ्यायचा. त्याला काही सांगायचं होतं, "मला... काल... ती... ती..." असं अडकलं आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बस?" बाईंनी सावकाश मागे वळून माझ्याकडे बघितलं. "गाढवा," त्या म्हणाल्या. ह्या वेळी मात्र शब्द आणि अर्थ दोन्ही जागेवर होते.

मग हे खिडकीशी गेले. डाव्या हातानं टेप लावला, मंद उजव्यानं खालचं टोक धरलं. आकडा दिसत होता, पण सांगणार कसा? मी वही-पेन्सिल घेऊन मागे तयार. हे माझ्याकडे वळले, तोंड उघडलं, "उद्..." आणि चेहरा पडला. आता टेप टाकून हे घरी निघणार, आणि परत कधी बाहेर पडणार नाहीत.

तेवढ्यात कंडक्टर उठून खिडकीशी आला. टेपवर बोट ठेवलं आणि ठणठणीत आवाजात सुरू झाला, "एक, दोन, तीन, चार..." एकही आकडा चुकला नाही! जन्मभर गाडीतली डोकी मोजलेला माणूस. ताईनं मला नंतर सांगितलं, की एखादा आकडा एकदम मागितला तर अशा माणसांतल्या कित्येकांना तो सापडत नाही. पण मोजणी लहानपणी घोकलेली असते, ती ओळीनं आपोआप येते. म्हणून एकापासून निघायचं आणि हवा तो आकडा आला की थांबायचं.

दहापर्यंत कंडक्टर एकटा होता. अकराला बाई मिळाल्या, पाठ्यपुस्तकातल्यासारख्या स्वच्छ उच्चारात, गाढव-बिढव काही नाही. मग सगळा गोलच मोजायला लागला. आणि वीसच्या पुढे कुठेतरी माझ्या लक्षात आलं, की त्या आवाजांत एक घोगरा, गंजलेला आवाज माझ्या ओळखीचा आहे. हे मोजत होते. तेवीस. चोवीस. पंचवीस. मी पेन्सिल चावून धरली. त्रेचाळीसला ह्यांनी टेपवर टिचकी मारली आणि सगळे थांबले. हे मात्र थांबले नाहीत. एकटेच म्हणाले, "चव्वेचाळीस," केवळ म्हणता येतंय म्हणून. मी बाकावर बसून ढसाढसा रडले. रडायला नियमात बंदी नव्हती.

ताईचे निळे पडदे पुढे वर्षभर कपाटातच राहिले, कारण आमच्या मास्तरांनी नवे शिवलेच. डाव्या हातानं कात्री चालवायला शिकले, चार कापडं वाया घालवली, चिडले, पुन्हा बसले. बुधवार चुकवायचे नाहीत. बाईंशी ह्यांच्या तासन्‌तास गप्पा चालायच्या, एकीकडून गाढवा, एकीकडून उद्या, आणि दोघांनाही काहीही अडायचं नाही. हळूहळू दोन-चार शब्द परत आले, "पाणी", "लेक", "नको". झटक्याला सात महिने झाले त्या आठवड्यात हे स्वतःहून चप्पल घालून दुकानाकडे निघाले. मी मागून पळाले.

दुकानात पहिलं गिऱ्हाईक कोण यावं? पोस्टमन. शर्टाचं कापड काखेत, चेहरा ओशाळलेला. त्याला सगळं कुणीतरी सांगितलं होतं वाटतं. "मास्तर," तो म्हणाला, "माझं त्या दिवशी चुकलं." ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला वळवून उभं केलं. गळ्यातला टेप काढून त्याच्या छातीभोवती घेतला. बाहेर दोघं-तिघं थबकली होती. ही परीक्षा होती, मला कळत होतं, ह्यांनाही कळत होतं. आज जमलं नाही तर ते फडकं पुन्हा कपाटात जाणार होतं.

"एक," ह्यांनी सुरू केलं. "दोन. तीन."

मी मापाची वही उघडून बसले होते. पोस्टमनचं पान समोरच, छाती एकोणचाळीस, किती वर्षं तेच. हे सावकाश चालले होते, आकड्यागणिक श्वास घेत. सत्तावीस. अठ्ठावीस. पोस्टमन श्वास धरून उभा. एकतीसला हे अडखळले. परत म्हणाले, एकतीस. मला ते बघवेना. बाहेरचे बघतायत, ह्यांचा घाम बघतायत, आणि आकडा तर माझ्या डोळ्यांपुढे लिहिलेला! जीभ नुसती वळवळत होती. ह्यांनी "बत्तीस" म्हटलं आणि माझ्या तोंडून गेलंच, "एकोणचाळीस हो, एकोणचाळीस!"

हे थांबले. ओळ तुटली. ओठ हलले, पण तेहेतीस येईना. चेहरा लाल झाला, टेप सैल सुटला. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. हे माझ्याकडे वळले, डोळ्यांत अंगार, आणि म्हणाले,

"तू... गप्प... बस!"

तीन शब्द! सलग! एकामागे एक, आपापल्या जागी! लग्नाला बत्तीस वर्षं झाली, माझ्याशी असं कुणी बोललेलं मी खपवून घेतलं नसतं. पण त्या दिवशी मला इतका आनंद झाला, की मी वही टाकून टाळ्या वाजवल्या. पोस्टमन हसला, बाहेरचे हसले, आणि ह्यांना स्वतःलाच आपण काय बोललो ते ऐकून इतकं नवल वाटलं, की रागवायचं राहूनच गेलं.

मग टेप पुन्हा नीट केला. पुन्हा एकापासून. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसले. एकोणचाळीस आलं. मी वाट बघितली. हे थांबले नाहीत. चाळीस. एक्केचाळीस. तिथे टिचकी मारली.

"एक्केचाळीस?" पोस्टमन पोटाकडे बघत म्हणाला.

टेप मी स्वतः जाऊन बघितला. एक्केचाळीसच. माझ्या आकड्यानं शर्ट शिवला असता, तर बिचाऱ्याची बटणं तुटली असती.

चहा आला तेव्हा मी साखरेचा डबा घेऊन ह्यांच्यासमोर उभी राहिले. आधी हे आपल्या हातानं साखर घ्यायचे, मी कधी मोजली नव्हती; झटक्यापासून मीच एक चमचा घालून मोकळी होते, विचारायचं काय त्यात. म्हटलं, "किती घालू?" ह्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "एक," म्हणाले. मी चमचा टाकला. "दोन," म्हणाले, आणि मग थोडं थांबून, माझ्याकडे बघत, "तीन." सात महिने हा माणूस माझ्या हातचा एक चमच्याचा चहा मुकाट्यानं पीत होता. मी तिसरा चमचा शीग लावून भरला, डबा बंद केला आणि त्यांच्या शेजारी काही न बोलता बसून राहिले.