बोलकं घड्याळ पसंत

घड्याळात किती वाजलेत हे सोडून घड्याळाबद्दलची प्रत्येक गोष्ट सांगू शकणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आमच्या दाजींचं परतूरला बी-बियाण्यांचं दुकान आहे. दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ. "एक चालण्यासाठी, दुसरं त्याला सोबत." वेळ विचारली की ते दोन्ही घड्याळं आळीपाळीनं कानाला लावतात, समाधानानं मान हलवतात आणि मग समोरून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला वेळ विचारतात. घरात चावीच्या घड्याळांनी भरलेलं एक कपाट आहे. सकाळी सगळ्यांना चावी दिल्याशिवाय ते चहाला शिवत नाहीत. अक्का म्हणते, "लोकाईच्या घरी गाईम्हशी असतेत, आमच्या घरी हे." सेलचं घड्याळ त्यांच्या लेखी सलाईनवर जगणारा माणूस. माझ्या मुलीचं स्थळ बघायला गेलो, तेव्हा आम्ही शिक्षण, शेती, पगार असं सगळं क्रमानं विचारत होतो. दाजींनी मुलाच्या वडिलांचं घड्याळ मागून घेतलं, डोळे मिटून कानाला लावलं आणि परत येताना जीपमध्ये निकाल दिला, "घर चांगलं हाय. घड्याळाचं तेलपाणी वक्तशीर झालेलं हाय." लग्न झालं. व्याही खरोखरच चांगले निघाले, म्हणून तर दाजींना आता आवरणं कठीण झालंय.

राग त्यांना एकाच जातीचा, वाजणाऱ्या घड्याळांचा. "घड्याळानं गुमान चालावं. ठणाणा करणारं घड्याळ म्हंजे चहाडखोर शेजारीण." मी अक्काला लग्नात दिलेल्या टोल्यांच्या घड्याळात त्यांनी पहिल्याच आठवड्यात सरकीसकट कापूस कोंबला. आजतागायत ते मुकं आहे.

दाजींसारखेच आणखी दोन वेडे आहेत. एक वाटूरचे निवृत्त मास्तर, आणि दुसरे जाफराबादचे, एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. परदेशातल्या एखाद्या कंपनीनं नवं भारी घड्याळ जगासमोर आणलं की हे तिघं दाजींच्या माडीवर जमतात. हा चक्क मुलगी बघण्याचा कार्यक्रम असतो. अक्का पोहे करते, मी जालन्याहून येऊन मोबाइल टीव्हीला जोडून देते आणि इंग्रजीतलं मराठीत सांगते. विकत घेणं तिघांच्या सात पिढ्यांना शक्य नाही, पण नापसंती कळवताना त्यांचा थाट असा, की कंपनीवाले खाली ओसरीवर हात जोडून बसलेत.

यंदाच्या कार्यक्रमाआधी मात्र कंट्रोलरांचा फोन आला. काचबिंदूनं त्यांची नजर पार गेली होती. मागच्या दोन कार्यक्रमांना ते आलेच नव्हते. "भाऊ, माझी घड्याळं घेऊन जा," ते म्हणाले, "आता दिसूनच न्हाई राह्यलं, तं कशाला सांभाळू?" दाजींनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून एसटीनं जाफराबादला गेले आणि कंट्रोलरांना हाताला धरून घेऊन आले. कंट्रोलर आले, पण घड्याळांची पिशवी बरोबर घेऊनच. पोहे संपले की ती दाजींच्या हवाली करायची आणि मैफिलीतून कायमचं उठायचं, असं ठरवूनच.

पडद्यावर घड्याळ आलं. आतली चाकं उघडी दिसत होती, एका खिडकीत चंद्र होता. मी किंमत सांगायला लागले तर दाजींनी अडवलं, "मेव्हणीबाई, किमतीचं मागून. पहिले खानदान सांगा." खानदान सांगून झालं. मास्तर म्हणाले, "अंगानं लई जाड हाय." मी सांगितलं, महिना तीसचा की एकतीसचा, लीप वर्ष, सगळं हे घड्याळ आपोआप ओळखतं. "अधिक महिना वळखते का?" मास्तरांनी विचारलं. नाही म्हटल्यावर ते मागे टेकले. "मंग काय कामाचं? आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तं दुधाचा खाडासुद्धा बसते." एरवी यावर सगळ्यांत मोठ्यांदा कंट्रोलर हसले असते. ते पिशवी मांडीवर घेऊन खिडकीकडे तोंड करून बसले होते. दाजींचं लक्ष पडद्यापेक्षा त्या पिशवीकडे जास्त होतं.

मग मी पुढचं वाचलं, कळ सरकवली की हे घड्याळ वेळ वाजवून सांगतं. तासाला जाड ठोका, पाव तासाला जोडठोका, मिनिटाला बारीक. मास्तर खुशीत आले. "आता ऐका भाऊचं भाषण!" तेवढ्यात ते वाजलं. देवघरातली घंटी लांबून ऐकावी, तसं.

कंट्रोलरांनी हात वर केला. "थांबा. पुन्हा लावा."

मी पुन्हा लावलं. ते बोटांच्या पेरांवर मोजत होते. "पावणेअकराला दोन मिनिटं कमी," ते म्हणाले. "बराबर हाय का, ताई?"

मी काटे पाहिले. बरोबर होतं.

"लई दिसानं वेळ पाह्यली," ते हळूच म्हणाले.

मग दाजींनी घसा खाकरला. "पसंत हाय."

मास्तर उडालेच. "अहो, पण जाड?"

"असू द्या. भरल्या अंगाचं घराला शोभते."

"भाऊ," कंट्रोलर हसत म्हणाले, "बोलतं घड्याळ चहाडखोर म्हन्ता ना तुम्ही?"

"चहाडी कोनाच्या कानात करते, ते पाहावं लागते."

निघताना कंट्रोलरांनी पिशवी पुढे केलीच. दाजींनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "चावी द्यायला बोटं लागतेत, डोळे न्हाई. घेऊन जा वापस."

"अन् टाइम कोन सांगन?"

"मी सांगतो की."

तेव्हापासून रोज संध्याकाळी दुकानातून आले की दाजी जाफराबादला फोन लावतात. फोन ओट्यावर ठेवतात, तांब्यावर जाड ठोके देतात, तांब्या आणि वाटीवर मिळून जोडठोके, नुसत्या वाटीवर बारीक. पलीकडून कंट्रोलर वेळ सांगतात, आपल्या घड्याळांना चावी देतात, आणि ठोका चुकला तर ओरडतात, "भाऊ, गाडी लेट हाय तुमची!" कुकरच्या शिट्ट्या झाल्या की पुन्हा पहिल्यापासून. अक्का कंटाळली आहे. तिची एकही वाटी सरळ राहिलेली नाही.

मला असली लांबड बघवत नाही. मागच्या खेपेला मी दाजींना म्हटलं, "अहो, मोबाइलच वेळ बोलून दाखवतो. त्यांच्या फोनमध्ये दोन मिनिटांत लावून देते."

दाजी वाटी पुसत होते. "ती सोय हाय त्यांच्या फोनमधी. सुनंनं कवाच लावून देल्ती," ते म्हणाले. "त्यांनी बंद करायला लावली."

मी उठून कुकर खाली उतरवून ठेवला, म्हणजे मध्येच शिट्टी नको.