मांडवाखाली गेलेली मोकळी जागा

आमच्या बागेला फाटक बसायच्या आधीची ही गोष्ट. वसाहतीच्या मधोमध ती जागा होती. नकाशावर बागेसाठी राखीव, पण प्रत्यक्षात चार बाभळी आणि आमच्या यजमानांची पायवाट, एवढंच तिथं होतं. यजमान एसटीचे निवृत्त चालक. लकवा झाल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालवा, नाहीतर कायमचे बसतील. चालवणार कुठं? समोरच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, ठणाणा गाणी लावून जातात. म्हणून ही जागा. काठी टेकत, उजवा पाय ओढत ते तिथं फेऱ्या मारायचे. बोलणं मात्र गेलं होतं. ‘हं’ आणि ‘अं’ एवढ्यावर आमचा संसार चालला होता.

अशात तिथं सभागृह बांधायचं घाटू लागलं. वसाहतीतल्याच काहींनी महापालिकेकडे अर्ज दिला: इथं नेहमी कार्यक्रम होतात, लोकांना छप्पर हवं. माझं डोकंच फिरलं. मंगल कार्यालयं गल्लोगल्ली आहेत, माझ्या माणसाला चालायला मात्र दुसरी जागा नाही. मी आणि वसाहतीच्या अध्यक्षांनी घरोघरी फिरून सह्या घेतल्या आणि बागेसाठी अर्ज दिला. मग कळलं, महापालिकेचे साहेब स्वतः जागा पाहायला येणार.

इथं आमची मंडळी चुकली. साहेब येणार म्हटल्यावर आमच्या माणसांना सत्कार केल्याशिवाय चैन पडत नाही. सकाळी पाहते तो या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडव, खुर्च्या, स्पीकर, आणि साहेबांच्या सत्काराला शालीऐवजी आमच्याकडची चादर आणि नारळ.

“जागा दाखवायचीय का मुलगी?” मी विचारलं.

“वहिनी, मोठा माणूस उन्हात उभारंल व्हय?” अध्यक्ष म्हणाले.

साहेब आले. हार झाला, चादर झाली, चहा झाला. मग इकडंतिकडं पाहत ते म्हणाले, “पहिला अर्ज खरा दिसतोय. कार्यक्रम होतात की इथं. आणि मोकळी जागा कुठाय?”

अध्यक्षांचं तोंड पाहण्यासारखं झालं. आपल्याच हातानं आपण विरोधकांचा पुरावा उभा केला होता. मी पदर खोचला.

“साहेब, ह्यो मांडव निस्ता तुमच्यासाठी घातलाय. जरा थांबा, मोकळी जागा दावते की.”

पहिली दोरी मीच सोडली. मग शेजारणी आल्या, त्यांच्या मागोमाग लाजत लाजत पुरुष. कापड खाली आलं, खांब निघाले, स्पीकरवाल्यानं आपणहून गाशा गुंडाळला. साहेब गळ्यातल्या हारासकट उन्हात उभे. रखरखीत, धुळीची, उघडी जागा समोर आली आणि मला ती फार देखणी वाटली.

यजमान कडेला ताटकळले होते. मांडवामुळं त्यांची फेरी सकाळपासून अडली होती. आता ते निघाले. काठी, पाय, काठी, पाय. थेट साहेबांपाशी आले आणि थांबले, कारण साहेब नेमके त्यांच्या वाटेत उभे होते.

“सरका की,” यजमान म्हणाले.

साहेब सरकले. मला हसू आवरेना आणि रडूही. लकव्यानंतर त्यांच्या तोंडून आलेले ते पहिले धड शब्द, आणि तेही महापालिकेच्या साहेबाला! जन्मभर हॉर्न वाजवलेला माणूस दुसरं काय बोलणार म्हणा.

साहेबांनी त्यांची अख्खी फेरी उभ्यानं पाहिली. मग सोबतच्या कारकुनाला म्हणाले, “सभागृहाचं राहू द्या. जागा बागेचीच ठेवायची.” आणि माझ्याकडं वळले. “पण बाई, आपल्या गावात पाण्याची बोंब. रोपं आम्ही देऊ, जगवायची तुम्ही. जमेल?”

“माणूस जगवलाय, साहेब,” मी म्हणाले. “झाडांचं काय घिऊन बसलाय?”