मामांचं नाक गेलं तेव्हा

माझे मामा फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचे. डोळे मिटून फळीवर हात फिरवायचे आणि कुठे खरखर राहिलीय ते बोटांनी सांगायचे. पण त्यांना खरा अभिमान होता तो बोटांचा नाही, जिभेचा.

कारखान्यात दुपारी सगळे एका लांब बाकावर डबे उघडत. मामा प्रत्येक डब्यातला एकेक घास घेत आणि निकाल देऊन मोकळे होत. "मीठ घालताना दारावर कोणी आलं होतं का?" किंवा, "भाजी चांगली होती हो, उगाच शिजवली." असं उठता-बसता नाक मुरडायचे म्हणून सुतारांनी त्यांचं नाव 'नाकतोडे' ठेवलं होतं. मामांना ती पदवीच वाटायची. नवल म्हणजे लोक आपणहून डबा पुढे करायचे. मामांच्या तोंडून चुकून 'चालेल' निघालं, तर संध्याकाळपर्यंत ती बातमी डबा करणारीच्या घरी पोचलेली असायची.

मामा मूळचे डोंगराकडचे. तिकडे जेवण म्हणजे कोरडं, भाजलेलं आणि जहाल तिखट. जेवताना घाम फुटला नाही तर माणूस अर्धपोटी उठला असं समजतात. मामी किनाऱ्याकडची. तिकडे सगळ्याला आंबट लागतं, आणि आंबटाच्या मागोमाग चिमूटभर साखर येतेच. लग्न होऊन आल्यावर मामीने मोठ्या हौसेने हिरव्या टोमॅटोची डाळ केली, तिच्या आईच्या पद्धतीची. मामांनी वाटी उचलली, वास घेतला आणि विचारलं, "हे भातात कालवायचं, की जेवण झाल्यावर प्यायचं?"

सगळे हसले. मामीही हसली. पण ती डाळ त्या घरात पुन्हा शिजली नाही. मामी मिरच्या भाजायला शिकली, आणि अशी शिकली की डोंगराकडच्या जावा तिला प्रमाण विचारू लागल्या. ती स्वतः मात्र सगळ्यांना वाढून झालं की पाण्याच्या घोटाबरोबर चार घास गिळायची आणि भांडी आवरायला घ्यायची. आम्ही त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचो. आई मामांची थोरली बहीण. तीही म्हणायची, "तुझ्या मामीचा आहारच चिमणीचा." आम्हाला ते खरं वाटायचं.

मग एकदा मामांना सडकून ताप आला आणि जोडीला सर्दी. यथावकाश ताप गेला, सर्दीही गेली. पण जाताना नाक घेऊन गेली. कशाचाच वास येईना, आणि वासाबरोबर चवही गेली. पॉलिशचा डबा उघडला तरी पाण्याचा उघडल्यासारखं वाटायचं. मामांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. नाकतोड्यांचं नाक गेलं असं कारखान्यात कळलं असतं, तर तोंड लपवायला जागा उरली नसती.

काही दिवस त्यांनी नुसत्या रंगावर निभावलं. भाजी लाल दिसली की "तिखट जरा आवरा," पिवळी दिसली की "हळद हात सैल सोडून घातलीय." पण अंदाज कुठवर पुरणार? थोरल्या सुताराच्या डब्यातला कोबी खाऊन मामा म्हणाले, "वा! मीठ अगदी बेताचं." सुतार घास हातात धरून बघतच राहिला. त्या दिवशी त्याची बायको मीठ घालायलाच विसरली होती.

घरी तर याहून मोठी चूक झाली. सवयीने काहीतरी बोलायचं म्हणून मामा मामीला म्हणाले, "वांगं छान झालंय."

मामी हातातला डाव तसाच घेऊन जिना चढून आमच्याकडे आली. "वन्सं, तुमच्या भावाला काहीतरी झालंय."

"का गं? पुन्हा ताप?"

"मला छान म्हणाले."

आईने गॅस बंद केला. "कशाला?"

"वांग्याला."

"वांग्याला म्हणाला ना? मग तुला कुठे म्हणाला," आई म्हणाली, पण काळजी तिलाही लागली. दोघींनी मिळून मामांवर नजर ठेवायचं ठरवलं.

फार दिवस ठेवावी लागली नाही. एका संध्याकाळी मामी शेजारी गेली होती आणि मामा स्वयंपाकघरात, शेगडीपासून दोन हातांवर, पेपर वाचत बसले होते. दूध उतू गेलं, आटलं, करपलं. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. माणसं धावत आली, तर मामा शांतपणे शब्दकोडं सोडवत होते. दारात एवढी गर्दी बघून म्हणाले, "काय झालं? कोणाकडे?"

तेव्हा सगळं बाहेर आलं. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. कधी ते मात्र विचारू नका."

गंमत सोडली तर मामांचे ते दिवस वाईट गेले. भिजलेला पुठ्ठा चावल्यासारखं लागतं म्हणायचे. मामीने मिरच्या दुप्पट केल्या. मामांची जीभ पोळली, डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण चव काही लागली नाही. नुसती आग. सदरे ढगळ दिसायला लागले. कारखान्यात तर त्यांनी बाकावर बसायचंच सोडलं. एका कोपऱ्यात पाठ करून डबा संपवायचे.

अशाच एका सुट्टीच्या दुपारी घरी मामी त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "अहो, एक विचारू? काहीही केलं तरी तुम्हाला सारखंच लागतं ना?"

"सारखंच."

"मग मी काही दिवस माझ्या आवडीचं करू?"

मामांनी मान हलवली. त्यांना काय फरक पडणार होता!

दुसऱ्या दिवशी हिरव्या टोमॅटोची डाळ झाली. त्यानंतर आंबटगोड भोपळा, लिंबू पिळलेला मासा, दह्यातला बटाटा. मी शाळेतून घरी न जाता थेट मामीकडे जायला लागले. मामीची बहीण, जी एरवी तिखटाच्या धाकाने पाच मिनिटांत उठायची, ती आता जेवणाच्या वेळेलाच यायची. आणि मामी! मामी मांडी घालून बसायची, भात दुसऱ्यांदा घ्यायची, वाटी वाकडी करून डाळ प्यायची. चिमणीचा आहार कुठल्या कुठे उडून गेला.

मामाही जेवायचे. चवीशी भांडण उरलं नव्हतं म्हणून ते आता दुसऱ्याच गोष्टी बघायचे. "भोपळा कसा मऊ झालाय," म्हणायचे, किंवा "बटाट्याची कड कुरकुरीत आहे, तिथली वाढ." पॉलिशवाल्याची बोटं जणू जिभेवर आली होती.

एका रविवारी मी त्यांच्या पंक्तीला होते. मामांनी डाळीचा घास घेतला आणि त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. गाल आत गेले. मामी पातेल्यात वाकली होती. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पुढचा घास घेतला.

चव आली होती. मामा बोलले नाहीत. का बोलले नाहीत ते मला तेव्हा कळलं नाही. वाटलं, कुठलातरी डाव असेल. मी आपलं तोंड मिटून जेवले. तेवढ्यासाठी कशाला डाळीवर पाणी सोडा?

पण मामांची जीभ घरात गप्प बसली तरी कारखान्यात कशी बसणार? ते पुन्हा बाकावर आले, आणि पहिल्याच दिवशी थोरल्या सुताराच्या डब्याला म्हणाले, "कोबीला पाणी सुटलंय. रडवलंत का त्याला?" त्याच आठवड्यात सुतारीणबाई मामीला बाजारात भेटल्या. "भाऊजींचं नाक परत आलं म्हणे, बरं झालं हो! काल माझ्या कोबीला नावं ठेवली. आमच्याकडे सगळ्यांना इतका आनंद झाला!"

मामी हसून "हो ना" म्हणाली आणि येताना साखरेचा मोठा पुडा घेऊन आली.

त्या दिवसापासून डाळीतली साखर चमच्या-चमच्याने वाढत गेली. मामी विचारायची, "कशी झालीय?"

"मऊ झालीय."

"आणि आज?"

"आजही... मऊ."

मामा पाण्याचे तांबे रिकामे करत होते. शेवटी एक दिवस डाळ इतकी गोड झाली की मामांनी वाटी खाली ठेवली. "अगं, ही डाळ आहे की सरबताचा पाक?"

"आली का चव?" मामीने हात पुसले. "कधी आली?"

मामा खाली बघायला लागले. "झाले काही दिवस."

"आणि बोलला नाहीत? मला काय मामा बनवत होतात?"

"तू जेवत होतीस," मामा म्हणाले.

"म्हणजे?"

"इतकं पोटभर जेवताना तुला पाहिलंच नव्हतं मी कधी. म्हटलं, बोललो तर पुन्हा मिरच्या भाजायला बसशील."

मामीने उठून ती गोड डाळ मोरीत ओतली आणि सगळ्यांना अंडी करून वाढली. खाताना तिचे डोळे लाल होते; कांदा चिरलाय म्हणाली. अंड्यांत कांदा नव्हता.

संध्याकाळी मात्र तिने साफ सांगितलं, "आंबट मी करणार. तिखट हवं असेल तर ते तुम्ही करा. शेगडीला दोन तोंडं आहेत."

मामा बाह्या सरसावून उभे राहिले. मिरच्या भाजताना खिडकी उघडायची असते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सबंध इमारत खोकत जिन्यात आली. भाजी झाली, मामीने एक घास घेतला आणि म्हणाली, "मीठ घालताना वर वन्संकडे जाऊन आला होतात का?" मामा इतके रागावले की सकाळचा चहा येईपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

आता ते बरं करतात. बरं म्हणजे, खाता येतं. रविवारी शेगडीवर दोन पातेली असतात, आणि मामा भातावर आधी स्वतःचं वाढून घेतात, मग कोणी बघत नाही असं समजून थोडं दुसऱ्या पातेल्यातलंही. विचारलं तर म्हणतात, "तोंड भाजलं म्हणून घेतलं."

कॉफीचा वास मात्र त्यांना परत आलाच नाही. सगळं आलं, एवढं एक राहिलं. सकाळी कप नाकाशी धरून ते मामीला विचारतात, "आज कशी आहे?"

"कडक," मामी सांगते, "आणि थोडी धुरकट."

मग मामा मान डोलावतात आणि पितात.