थोरली, मधली, धाकटी आणि कुमुदताई

कुमुदताई महाडिकांची आणि माझी पहिली भेट झाली तीच माझ्या रागातून. आमच्या महिला मंडळाची स्मरणिका छापायची होती. भर उन्हात टेंपोतून धक्के खात मी ग्वाल्हेरच्या दाना ओलीतल्या त्यांच्या छापखान्यात पोचले, तर ताई खुर्चीतून न उठता म्हणाल्या, "बसा जरा. आज जावांचा दिवस आहे, बाहेरचं काम घेत नाही." घ्या! आम्ही इथे घाईत, आणि यांना जावांचं कौतुक! पण ताईंनी "बसा" म्हटलं की माणूस बसतो. मीही बसले.

समोर ताई आणि त्यांची ऑपरेटर शलाका संगणकापुढे अगदी मंगलाष्टकाला उभ्या राहाव्यात तशा गंभीर. ताईंनी विचारलं, "कुणाकडून?" शलाका म्हणाली, "थोरलीकडून." "कुणाला?" "धाकटीला." "परत सांग." तिने परत सांगितलं, तेव्हा कुठे ताईंनी तिला बटण दाबू दिलं.

या तिघी जावा म्हणजे तीन डिस्क. थोरली संगणकाच्या पोटात. तिच्यावरूनच तो सुरू होतो. मधली आणि धाकटी या तिच्या हुबेहूब प्रती, बाहेरून जोडायच्या. दर आठवड्याला जावांच्या दिवशी थोरलीची ताजी प्रत काढायची, एका आठवड्यात एकीची पाळी, पुढच्या आठवड्यात दुसरीची. धाकटी छापखान्यात राहायची आणि मधली पलीकडे पडाव भागात ताईंच्या बहिणीकडे, कारण दोघींनी एका छपराखाली झोपायचं नाही असा ताईंचा नियम. आणि हा सवालजवाब कशासाठी? तर गावातल्याच एका छापखान्यात कुणीतरी उलटं करून बसलं होतं. रिकाम्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर! सगळं साफ. तेव्हापासून ताईंकडे कुणालाही एकट्याने प्रत काढायची परवानगी नाही. एकीने विचारायचं, दुसरीने मोठ्याने सांगायचं.

स्मरणिका छापून झाली, आणि मी मात्र मुद्रितं तपासायला तिथेच राहिले. आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत, आणि त्यांच्या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी लिहायचा मान मला मिळाला याचा मला गर्व आहे. अभिमान नव्हे, चक्क गर्व.

महाडिकांचं घराणं फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आलेलं. खंडेनवमीला त्यांच्या लष्कर भागातल्या घरी आजही तलवारीची पूजा होते. छापखान्यात ताई पाटावर या तिघी जावांना बसवतात, आणि हळदीकुंकू लांबूनच वाहतात, कारण आत कण गेला तर? पूजा झाली की थोरलीला विश्रांती. त्या दिवशी संगणक धाकटीवरून सुरू करायचा आणि दिवसभराचं खरं काम तिच्यावर करायचं. एरवीही महिन्यातून एक दिवस असाच. प्रत निघाली असं कुणी सांगितलं, की ताई म्हणणार, "निघाली ते दिसतंय. उठली का ते सांग."

मी एकदा म्हटलंही, "ताई, अहो, नुसत्या फायली उचलून ठेवल्या तर नाही का चालणार?" त्यांनी वाद घातला नाही. आमची एक फाईल त्यांनी भाच्याच्या नव्या लॅपटॉपवर उघडून दाखवली. मराठीच्या जागी नुसते चौकोन! आमचा टंक, म्हणजे फाँट, जुना, अक्षरजुळणीचा प्रोग्राम त्याहून जुना, आणि तो बनवणाऱ्यांनी दुकान कधीच गुंडाळलेलं. म्हणजे फायली वाचल्या तरी त्या वाचू शकणारा संगणक वाचायला हवा, सगळाच्या सगळा. 

या सगळ्याची किंमत कळली ती नाना पाग्यांच्या पुस्तकाच्या वेळी. नाना म्हणजे निवृत्त शिक्षक. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत बोलले जाणारे, हिंदीच्या शेजाराने वाढलेले शब्द त्यांनी जन्मभर घरोघरी जाऊन गोळा केले. त्यांचा कोश आमच्याकडे जुळत होता आणि नानांची दृष्टी दिवसेंदिवस मंद होत चालली होती. डॉक्टरांनी फारशी आशा ठेवली नव्हती. नानांचं मागणं एकच होतं, "दिसतंय तोवर शेवटचं मुद्रित माझं मला वाचू द्या."

आणि नेमकं तेव्हाच झालं. प्रत निघत असताना वीज गेली, आली, दणक्यात परत गेली. शलाका ओरडली, "ताई, हे तर उठतच नाहीये! काळी स्क्रीन आहे बस!" थोरली गेली. जोडलेली होती म्हणून धाकटीही तिच्याबरोबर गेली. नाना बाकावर बसलेले होते. त्यांना काळी स्क्रीनही नीट दिसत नव्हती. "काय झालं?" एवढंच ते विचारत राहिले. 

ताईंनी पदर खोचला, ऑटो केला, पडावला गेल्या. बहिणीकडून मधली घेतली, बाजारातून एक कोरी डिस्क घेतली, आणि परत आल्या. मधली जोडली. सुरू करताना एक कळ दाबून धरली की आमचा संगणक विचारतो, कुठून उठू? शलाकाने मधली निवडली. आणि उठला हो! तोच पडदा, तोच टंक, नानांचे शब्द जिथल्या तिथे. फक्त शेवटच्या आठवड्यातल्या दुरुस्त्या नव्हत्या. त्या कागदावर होत्या, परत घालता येणार होत्या. मी टाळ्या पिटल्या, आणि लगेच म्हटलं, "चला, नानांची पानं काढू."

"आधी प्रत," ताई म्हणाल्या.

मी भडकलेच. "ताई, ते म्हातारं माणूस सकाळपासून बसलंय! उजेड आहे तोवर चार पानं तरी वाचतील!"

"हिच्यामागे आत्ता कुणी उभं नाही," ताई शांतपणे म्हणाल्या. "हिला काही झालं तर नानांना मी काय सांगू?"

तेव्हा बाकावरून नानाच बोलले, "काढा कुमुदबाई, प्रत काढा. मी बसतो."

मग सवालजवाब. कुणाकडून? मधलीकडून. कुणाला? नवीला. सारी दुपार त्यात गेली. नानांना ताईंनी स्वतःच्या डब्यातली भाकरी कुस्करून दिली. नवी डिस्क उठते का ते पाहिलं, आणि तिच्यावरून पहिलं पान छापलं ते नानांचं. ते पान घेऊन नाना खिडकीशी गेले, भिंग लावलं, आणि बराच वेळ वाचत राहिले. "इथे अनुस्वार राहिला," म्हणाले. मला रडूच फुटलं. ताई मात्र पेन पुढे करून म्हणाल्या, "खूण करा, नाना." पुढे सगळी मुद्रितं नानांनी त्याच खिडकीशी, स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. पुस्तक निघालं. आता नानांना अक्षर दिसत नाही, नात वाचून दाखवते आणि ते चुका काढायला बघतात. अजून एकही सापडलेली नाही, हे मुद्रितशोधक म्हणून मी छाती फुगवून सांगते.

ताईंचा हा नियम माणसांनाही लागू आहे. छापखान्यात प्रत्येकीला दुसरीचं काम यायलाच हवं. सुरुवातीला मला तो जाच वाटे. पण माझ्या मुलीचं बाळंतपण इंदूरला झालं, तेव्हा माझी मुद्रितं शलाकाने सांभाळली आणि मी निश्चिंत मनाने तिकडे राहिले. निघताना डिंकाचे लाडू ताईंनीच बांधून दिले होते, हेही सांगायला हवं.

यंदा एके सकाळी ताईंनी फोन केला, "आज मी येत नाही. फोनही बंद ठेवते. मला बाजूला काढून बघा, चालतंय का." दिवसभर छापखाना आम्ही चालवला. संध्याकाळी त्या आल्या, एकेक पान उजेडात धरून पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या, "उठलात."

ताई, त्या दिवशी आम्ही काय छापलं ते तुम्हाला सगळं दाखवलं नव्हतं. हाच गौरवग्रंथ जुळवत होतो आम्ही, त्याच टंकात. त्याची पहिली प्रत नाना तुमच्या हातात देणार आहेत. आम्ही उठतो, चालतो, हे तुम्ही पाहिलंत. आता तुमच्यामागे आम्ही उभ्या आहोत. तेव्हा घाई कशाचीच नाही. धडधाकट राहा, शंभरी गाठा, आणि उद्या सकाळी वेळेवर या. उद्या जावांचा दिवस आहे, आणि "कुणाकडून?" हे तुम्हीच विचारायचं आहे.