जफरभाईंनी रायफल उलटी केली

उमरखेडच्या बसस्टँडमागे जफरभाईंचं डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे 'मला वाटतं' असं म्हणायची सोय नाही. ट्रॅक्टर धूर ओकतोय, मला वाटतं नोझल गेलं, असं कुणी म्हटलं की ते पान्यानेच बाकाकडे दाखवतात. "बसा. वाटू द्या तुमाले. मी तवरीक पाह्यतो." साठी ओलांडलेला माणूस. सातवीत शाळा सुटली आणि तेव्हापासून एकच काम: केसाएवढ्या भोकातून डिझेल कसं उडतं ते बघणं. फवारा एका बाजूला कलला की इंजिन बसतं, हे मी त्यांच्या तोंडून कितीदा तरी ऐकलंय, कारण माझ्या भावाचा ट्रॅक्टर वर्षाआड त्यांच्याकडे असतो. ऐकलं आणि सोडून दिलं.

मी खेमसिंग, महागावला शाळेत खेळाचा मास्तर. माझ्याकडे एअर रायफलचं पथक आहे. पथक म्हणजे चार मुली आणि दोन रायफली. त्यातली एक रायफल रूपालीच्या घरी असायची, कारण ती पहाटे उठून सराव करायची. कापसाच्या जिनिंगमधले हमाल बाबाराव, त्यांची ही मुलगी. दिवाळीपर्यंत तिचे छर्रे एकमेकांच्या भोकातून जायचे. मग बिनसलं. छर्रे कुठेही जायला लागले आणि कागदावरची भोकं गोल पडेनात. लांबट पडायची, एका बाजूला फाटलेली, शेपटी फुटल्यासारखी. मी छर्ऱ्यांचा डबा बदलून पाहिला. फरक नाही. दुसरी रायफल तिला देऊन पाहायचं काही डोक्यात आलं नाही. मग सोपं तेच केलं, पोरीला धरलं. श्वास चुकतोय, घोडा हिसकतेस, लक्ष कुठे आहे. शेवटी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझा हात गेला, रूपाली." विभागीय स्पर्धेची नावं सोमवारी पाठवायची होती. तिचं नाव मी यादीतून खोडलं. तिला सांगितलं मात्र नाही.

शनिवारी बाबाराव लेकीला आणि रायफलीला घेऊन माझ्या दारात. "सर, एक डाव जफरभाईले दाखवू. पोरगी धड जेवून नाई राह्यली." मला हसू आलं. डिझेलवाल्याला रायफलीतलं काय कळणार? पण नाही म्हणवेना. गेलो.

आपण जन्मात रायफल हातात घेतलेली नाही, हे जफरभाईंनी आधीच सांगून टाकलं. मग छर्रे मागितले. एकेक भिंगाखाली फिरवून चांगले वीस पाहिले. "माल ठीक हाये." सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून त्यांनी रायफल व्हाईसच्या लोखंडी जबड्यात आवळली. मागचा बोळ रिकामा करून दहा मीटरवर, वाळूच्या पोत्यांपुढे कागद लावला. "बेटा, तू फक्त घोडा दाब. धरू नको." पाच छर्रे सुटले. पाचही भोकांना शेपटी, पाचही शेपट्या उजवीकडे.

बाबारावांनी फोनवर त्यांना सगळं सांगितलेलं दिसलं. माझ्याकडे न बघताच जफरभाई म्हणाले, "मास्तर, आता तं व्हाईसनं धरली. हात कोनाचा गेला?"



त्यानंतर त्यांनी जे केलं ते वीस वर्षांच्या मास्तरकीत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रायफल सोडवली, उलटी केली, पोट वर, आणि तशीच पुन्हा आवळली. पाच छर्रे. शेपट्या डावीकडे. मी तो कागद घेऊन आधीच्या कागदाशेजारी धरला. छर्रे तेच, बोळ तोच, कागदही त्याच जागी. रायफल फिरली आणि दोषही तिच्याबरोबर फिरला. म्हणजे तो रायफलीतच होता आणि तिच्या एकाच बाजूला होता. सहावीतल्या पोरालाही समजावं इतकं सोपं. पण सुचायला जफरभाई लागले.

"आता कोनती बाजू ते पाहू."

बाबारावांच्या खांद्यावर बारा महिने जिनिंगची रुई असते. जफरभाईंनी त्यातली चिमूटभर उचलली, काडीला गुंडाळली आणि नळीच्या तोंडाच्या आतल्या काठावरून हलकेच गोल फिरवली. एका जागी तंतू अडकला. पुन्हा फिरवली. तिथेच अडकला.

"नोझलचं असंच असते," ते म्हणाले. "भोक कितीबी चांगलं असो, काठ फुटला का फवारा बाजूले पळते. छर्रा भायेर निघते वक्ती हवा इथून पह्यले निसटते अन् त्याले ढकलते." भिंग त्यांनी माझ्या हातात दिलं. काठावर एक खोबण होती, नखाला लागणार नाही एवढी. "इथं लोखंड कोनं लावलं?"

बाबारावांनी कमरेचा हूक काढून समोर धरला. कापसाच्या गठाणी ओढायचा हमालाचा हूक. त्यांचं घर जिनिंगच्या भिंतीला लागून. धूळ आणि रुई नळीत जाऊ नये म्हणून ते रोज संध्याकाळी तिच्या तोंडात कापसाचा बोळा ठासायचे आणि सकाळी, रूपाली उठायच्या आत, हुकाच्या टोकाने ओढून काढायचे. कुणी सांगितलं नव्हतं. लेकीची वस्तू जपायची, एवढंच. "पोरीचं वाटोळं मीच केलं," म्हणाले आणि होते तिथेच खाली बसले. रूपाली त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

मला संताप आला होता, तो माझाच. दोन महिने मी त्या पोरीला बोललो, पण नळीच्या तोंडाशी एकदा वाकलो नाही.

"वाटोळं काई नाई झालं," जफरभाई म्हणाले. "सरका जरा, उजेड अडवून राह्यले."

नळीत त्यांनी आधी चिंधी बसवली, आत काही जाऊ नये म्हणून. मग गोल डोक्याचा पितळी स्क्रू घेतला, त्याला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावली आणि तो नळीच्या तोंडाशी टेकवून नुसत्या बोटांनी फिरवायला लागले. मशीनला हात लावला नाही. थोडं घासायचं, पुसायचं, रुई फिरवायची. अडकली की पुन्हा घासायचं. पाऊण तास असाच गेला. चहा आला, गार झाला, कुणी प्यायला नाही. मी खेळात मोठी मोठी माणसं पाहिलीत, पण ज्या वस्तूला आयुष्यात प्रथमच हात लावला तिच्यापुढे इतका शांत माणूस पाहिलेला नाही. अखेर रुईचा तंतू पुरा फेरा मारून मोकळा आला.

"आता हातानं मार, बेटा."

रूपाली उभी राहिली. पहिलं भोक गोल पडलं. दुसरा छर्रा त्यातच गेला, तिसराही. पाच झाले तेव्हा कागदावर तुरीच्या दाण्याएवढं एकच भोक होतं. बाबाराव ते बोटाने चाचपून बघत राहिले. जफरभाई हात पुसून पुढच्या गिऱ्हाइकाच्या पंपाकडे वळलेसुद्धा.

मला पोरीची माफी मागायची होती. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तीच कागद घेऊन आली. दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि खाली मान घालून विचारलं, "सर, आता माहं नाव राहू द्यान का?"

नाव खोडल्याचं मी कुणाला बोललो नव्हतो. तिला ते कसं कळलं माहीत नाही, पण कळलं होतं. आणि तरी रोज सकाळी सरावाला ती माझ्या आधी हजर असायची.