शिंगीचा काटा आणि माझी कॅप्सूल

आमच्या घरातली पहिली डिग्री माझी, सूक्ष्मजीवशास्त्रातली बी.एस्सी. हे मी कुणालाही सांगते, न विचारताही. मग चुकीची कॅप्सूल माझीच होती, हेही सांगायला पाहिजे.

सिंदेवाहीजवळच्या आमच्या तलावात मासे काढताना बाबांच्या तळहातात शिंगी माशाचा काटा घुसला. माझ्या दाढदुखीच्या कॅप्सूल घरात उरल्या होत्या. मोहल्ल्यात सगळे करतात तसं बाबांनी एक फोडली, भुकटी जखमेवर टाकली आणि चिंधी बांधली. मी बघितलं, पण अडवलं नाही. चौथ्या दिवशी हात इतका सुजला की बोटं मिटेनात. जाळं फेकायचा उजवा हात तो.

डॉक्टरांनी पू काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला : पाण्यातले जंतू, त्या कॅप्सूलला दाद देत नाहीत. त्यांनी वेगळी गोळी दिली, पूर्ण दहा दिवसांची.

"काऊन? औषध तं औषधच असते ना," बाबा म्हणाले.

"नाई बाबा. जंतूभोवती भिंत असते, तलावाच्या पाळीसारखी. वाढताना तो ते भिंत सारखी बांधत राह्यते. माह्यी कॅप्सूल बांधकाम बंद पाडते, मंग पाणी आत घुसून जंतू फुटते. पण तुमच्या हातातला जंतू त्या कॅप्सूललेच तोडते."

"अन् हे नवी?"

"हे भिंतीले हात नाई लावत. जंतू आत प्रथिनं विणते, ते विणणं थांबवते. अजून तिसऱ्या प्रकारची गोळी असते, ते जंतूले सोताची नक्कल काढू देत नाई."

"मंग माह्या आंगातलं विणणं नाई थांबत का?"

"आपलं यंत्र वेगळं हाय, बाबा."

प्रश्न इतका नेमका होता की मला माझ्या कॉलेजातल्या मास्तरांची आठवण झाली.

नव्या गोळीच्या तिसऱ्या दिवशी सूज उतरली. बाबा उरलेल्या गोळ्या प्लास्टिकच्या पन्नीत बांधू लागले. "पुढच्या काट्याले होतीन."

"आतमधी जंतू अजून हायेत! डॉक्टरनं सांगतले तितके दिवस घ्या."

"अन् तुह्या कॅप्सूल काऊन उरल्या होत्या, डिग्रीवाली बाई?"

 मी औषधांच्या डब्यातल्या माझ्या उरलेल्या कॅप्सूल काढल्या आणि नष्ट करायला मेडिकलवाल्या भाऊंकडे देऊन आले. घरी आले तेव्हा बाबांनी पन्नीची गाठ सोडली होती आणि ते गोळीसाठी पाणी मागत होते.

दहाव्या दिवशी त्यांनी मूठ मिटून दाखवली. करंगळी जराशी बाहेर राहिली.

"चालते," म्हणाले, आणि खांद्यावर जाळं टाकून तलावाकडे गेले.