ब्रिजवरचं कुंकू

आमच्या घराण्यात कान एकदम जात नाही. आधी चांगलं वाजत असलेलं बेसूर ऐकू यायला लागतं, मग कमी ऐकू यायला लागतं आणि शेवटी घरचे लोक खांद्याला हात लावून बोलायला लागतात. माझ्या वडिलांचं असंच झालं. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो.

अण्णा पन्नाशीत होते तेव्हा नारायण पेठेतल्या एका भजनी मंडळात टाळ वाजवायला जायचे. एका संध्याकाळी ते म्हणाले, पेटी उतरली आहे. पेटीवाल्यांनी पेटी तपासून आणली, तिच्यात काही निघालं नाही. पुढच्या वेळी अण्णा पुन्हा तेच म्हणाले. तेव्हा पेटीवाल्यांनी भाता मिटला आणि अगदी सौम्यपणे सांगितलं, "अहो, पेटी आहे तिथेच आहे. आपण एकदा कान दाखवून घ्या." सतरंजीवरचे सगळे हसले. अण्णांनी टाळ खाली ठेवले, चपला घातल्या आणि ते घरी आले. त्या मंडळात ते पुन्हा गेले नाहीत. पुढे थोड्याच वर्षांत त्यांच्या दोन्ही कानांत मशीन आलं.

आता त्या वयाचा मी आहे. लोणी काळभोरच्या एका कॉलेजात गणित शिकवतो आणि रविवारी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. आमचा जुन्या सिनेगीतांचा एक ग्रुप आहे. दरवर्षी आमच्या भागातल्या बागेत दिवाळी पहाट होते, तिथे आम्ही उजाडताना कार्यक्रम करतो आणि लोक उटणं लावून, नवे कपडे घालून ऐकायला येतात. पेठेत या छंदाबद्दल फार बोललं जात नाही. "अजून वाजवता का?" एवढंच विचारतात, आणि त्यात सगळं आलं.

पुढचं समजायला गिटारच्या एका भागाची ओळख करून द्यायला हवी. तारा गिटारच्या पोटावर जिथे टेकतात, त्या धातूच्या पट्टीला ब्रिज म्हणतात. माझ्या गिटारचा ब्रिज पक्का बसवलेला नाही. त्याची पुढची कड सुरीसारखी घासलेली आहे आणि ती धार दोन खुंट्यांच्या खाचेत टेकते. वरून तारा त्याला एका बाजूला ओढतात, गिटारच्या पाठीतल्या स्प्रिंगा दुसऱ्या बाजूला ओढतात आणि मधल्या मध्ये तो जुन्या तराजूच्या दांडीसारखा तोलून राहतो. ब्रिजला एक दांडी असते, तिला बार म्हणतात. ती दाबली की तारा सैल पडून स्वर खाली घसरतो, सोडली की ब्रिज जागेवर येतो आणि स्वरही. यायला हवा, एवढं नक्की. स्वर किती वेळ टिकतो, तेही बरंचसं तार त्या धातूवर किती घट्ट टेकते यावर असतं.

आई होती तोपर्यंत खंडेनवमीची पूजा तिच्याकडे असायची. ती गिटारच्या लाकडावर कुंकवाचं एक बोट टेकवायची आणि पुढे विळी, कात्री, शिवणयंत्राकडे जायची. ती गेली, वर्षभर सणवार झाले नाहीत. यंदा पूजा अण्णांनी हातात घेतली. अण्णा कुठलीच गोष्ट थोडक्यात करत नाहीत. मी कॉलेजातून आलो तेव्हा पाटावर स्कूटरची किल्ली, स्क्रूड्रायव्हर, माझा लॅपटॉप आणि गिटार अशी मंडळी ओळीने बसली होती. सगळ्यांना ओली हळद, ओलं कुंकू, अक्षता आणि झेंडू. गिटारचा ब्रिज तर लालपिवळा झाला होता. मला बरं वाटलं. आई गेल्यावर पहिल्यांदा घरात सणासारखं काही झालं होतं.

दसऱ्यानंतर मी दिवाळीच्या कार्यक्रमासाठी तारा बदलतो, तशा बदलल्या. दसऱ्याचं कुंकू कुणी पुसत नाही, स्कूटरवरचंसुद्धा आपोआप जाईपर्यंत राहतं. मीही ते तसंच ठेवलं.

त्या रविवारच्या तालमीत पहिल्यांदा झालं. एका गाण्याच्या शेवटी मी दांडी दाबली, सोडली आणि पुढचा स्वर वाजवला तो मला उतरलेला वाटला. मी गिटारच्या टोकाची खुंटी पिळून तो सुरात आणला. पुढच्या गाण्यात तोच चढा वाटला. पुन्हा उतरवला. शेजारी कीबोर्ड वाजवणारे गृहस्थ माझ्याकडे पाहत होते, आणि ते गिटारकडे पाहतायत की माझ्या कानाकडे, हे मला कळेना. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. लांब धरलेला स्वर लवकर विझत होता. पूर्वी जो कडव्याच्या ओळीभर पुरायचा, तो मधेच संपत होता. निदान मला ऐकू येत नव्हता.

मी खुंटीवरचा हात काढून घेतला. कारण मला ते वाक्य पाठ होतं. पेटी आहे तिथेच आहे.

आता कुणीही शहाणा माणूस सुराचं यंत्र लावून पाहील. ट्यूनर म्हणतात त्याला, गिटारच्या टोकाला चिमट्यासारखं लावायचं आणि स्वर बरोबर असला की हिरवा दिवा लागतो. तो माझ्या कपाटातच होता. पण मी आयुष्यभर कानाने गिटार लावली आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान. खरं कारण मात्र तेही नव्हतं. मला उतरलेला वाटणारा स्वर त्या यंत्राने हिरवा दाखवला असता तर? मग बोलायला काहीच उरलं नसतं. मी ते कपाट उघडलंच नाही.

त्याऐवजी मी स्वतःला दुसरीकडेच तपासत बसलो. सकाळी स्वयंपाकघराचं दार लावून कुकरची शिट्टी ऐकू येते का ते पाहिलं. फ्रिज घरघरतोय की नाही हे बघायला त्याच्यासमोर उभा राहिलो. बायको म्हणाली, "अहो, काय हवंय? आतलं सगळं काल तुम्हीच संपवलंत." वर्गात मागच्या बाकावरून कुणी शंका विचारली तर मी दोन पावलं पुढे जायला लागलो. पूर्वीही जात असेन कदाचित. आता ते मोजल्यासारखं व्हायला लागलं, आणि भीतीचं हेच वाईट असतं, तिला रोज खायला मिळतं.

एकदा बायकोने दोनदा हाक मारली. मी पुस्तकात होतो, म्हणून ऐकलं नव्हतं. बहुतेक. ती चहा ठेवून गेली. तो चहा मला गेला नाही. बहिरेपणाची भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त भीती वाटत होती ती बागेतल्या त्या पहाटेची. सगळा पेठेतला ओळखीचा समाज समोर बसलाय, मी बेसूर वाजवतोय, आणि ते मला सोडून सगळ्यांना कळतंय. आणि मग कुणीतरी सौम्यपणे येऊन सांगतंय. मी ग्रुपला काहीतरी कारण सांगून यंदा बाहेर राहायचं जवळजवळ ठरवलं होतं.

मुलगी आली म्हणून ते राहिलं. ती वाघोलीच्या कॉलेजात शिकते, मैत्रिणींबरोबर तिकडेच राहते आणि सुट्टीला घरी येते. दुपारी मी सराव करत होतो आणि अण्णा खुर्चीत पेपर वाचत होते. ती दारात उभी राहून थोडा वेळ ऐकत होती.

"बाबा, गिटार फ्लॅट आहे. उतरलीये."

मी थांबलो. "तुला ऐकू येतंय?"

"म्हणजे काय? कोणालाही येईल. तू बार सोडलास ना, की ती परत येतच नाहीये. ट्यूनर कुठेय?"

तिनेच कपाट उघडलं. चिमटा लावला. मी दांडी दाबली, सोडली, तार छेडली. दिवा लाल. पुन्हा केलं. लाल. लाल दिवा बघून एवढा आनंद झालेला माणूस पुण्यात त्या दिवशी मी एकटाच असेन. माझे डोळे भरून आले आणि ते तिला दिसू नयेत म्हणून मी गिटार उलटी करून पाठीतल्या स्प्रिंगा बघायला लागलो.

स्प्रिंगांत काही नव्हतं. मग आम्ही तारा काढल्या आणि ब्रिज उचलला. सुरीच्या धारेवर आणि खुंट्यांच्या खाचेत हळदकुंकवाचा लगदा वाळून बसला होता, त्यामुळे ब्रिज परत येताना मधेच अडकत होता. पट्टीच्या मागच्या कडेखाली अक्षतेचा एक लाल दाणा होता. तो सरकायचा तसा ब्रिज कधी कमी टेकायचा, कधी जास्त. आणि प्रत्येक तारेखालच्या खोबणीतही तोच लगदा. मी दसऱ्यानंतर घातलेल्या नव्या तारा धातूवर टेकल्याच नव्हत्या, भुसभुशीत कुंकवावर टेकल्या होत्या. स्वर टिकणार कुठून? हे सगळं लाल रंग रोज डोळ्यांसमोर असताना मला दिसलं नाही, कारण मी रोज स्वतःच्या कानात बघत होतो.

मुलीने तो दाणा तळहातावर घेऊन अण्णांसमोर धरला आणि मोठ्याने विचारलं, "आजोबा, ब्रिजवर एवढं कशाला लावलं? लाकडावर लावायचं ना."

अण्णांनी चष्म्यावरून दाण्याकडे पाहिलं. "खंडेनवमीला लोखंडाची पूजा करतात," ते म्हणाले. "त्यात लोखंड तेवढंच होतं."

मुलगी पोट धरून हसली, मीही हसलो. खूप दिवसांनी तसा हसलो. तो दाणा तिने देवापुढच्या तबकात ठेवला. आम्ही दोघांनी जुन्या टूथब्रशने खाचा साफ केल्या, धारेला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दिला आणि नव्या तारा चढवल्या. गिटार लागली. दांडी दाबली, सोडली. हिरवा. जोरात दाबली, सोडली. हिरवा. मुलीने स्वतः हातात घेऊन दांडीला इतका त्रास दिला की मी तिला थांबवलं, तरी हिरवाच. पेटी आहे तिथेच नव्हती. पेटीच बिघडली होती. अण्णांच्या बाबतीत असं झालं असतं तर काय झालं असतं, हेही एकदा मनात येऊन गेलं.

"आता सस्टेन बघू," मुलगी म्हणाली. "एकच नोट वाजव आणि धरून ठेव."

मी छोट्या अॅम्प्लिफायरचा आवाज जरा वाढवला, मधल्या तारेवर एक स्वर छेडला आणि बोट तसंच धरून ठेवलं. काय सुंदर आला तो. खोली भरून राहिला, मग हळूहळू बारीक होत गेला, कीबोर्डवाल्या गृहस्थांना आत्ताच्या आत्ता फोन करावा असं मला वाटलं, आणि मग तो संपला.

"संपला," मी म्हणालो. "पण चांगला टिकला."

मुलीने हात वर केला. "शूऽ, बाबा. अजून येतोय."

तिची मान थोडी कललेली होती आणि डोळे बंद होते. मी श्वास रोखून ऐकायला लागलो. खालून रिक्षा गेली ती ऐकू आली. कुणीतरी गॅलरीत चादर झटकली तीही ऐकू आली. गिटारमधून काही नाही. तारेवरच्या माझ्या बोटाला मात्र बारीक थरथर लागत होती. मी बोट हलवलं नाही. मुलीचा हात वरच होता, आणि तो खाली यायला इतका वेळ लागला की मी मनात आकडे मोजायला लागलो.

"आता गेला," ती डोळे उघडून म्हणाली. "कसला भारी आलाय ना?"

"हो," मी म्हणालो. "भारी आला."

ती तारांची टोकं कापायला कात्री आणायला आत गेली. मी मान वर केली तर अण्णांनी पेपर मांडीवर ठेवला होता. त्यांना तो स्वर ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. पण माझे हललेले ओठ त्यांनी पाहिले होते, आणि त्यानंतर किती तरी वेळ वर राहिलेला तिचा हातही. ते माझ्याकडेच बघत होते. पेटीवाल्यांनी भाता मिटला तेव्हा त्यांना कसं वाटलं असेल, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज नव्हती.

"उद्या मला मशीन दाखवायला जायचंय," अण्णा म्हणाले. आवाज नेहमीसारखा कोरडा. "तूही चल. आत येऊन बस माझ्याबरोबर."

मी होकाराची मान हलवली. त्यांचं मशीन मागच्याच आठवड्यात मी स्वतः दाखवून आणलं होतं.